न बसणारे सर

आमच्या घरात बरीच वर्षं एकच आजार होता आणि त्याचं नाव कंबर होतं.

पप्पांची कंबर. पप्पा घाटकोपरला शिफ्टची रिक्षा चालवायचे. गाडी मालकाची, त्याचं रोजचं भाडं ठरलेलं, वर सुटेल ते आपलं. पूर्ण शिफ्ट मारली तर आमचं घर चालायचं, अर्धी मारली तर फक्त मालकाचं. पप्पा भर दुपारी गाडी लावून घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडायचे. उरलेल्या अर्ध्या शिफ्टची भरपाई म्हणून आईने आणखी घरांची धुणीभांडी धरली. मी कॉलेजातून आले की वस्तीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायचे. शेजारचे म्हणायचे, रिक्षा काय उभ्याने चालवायची असते का? बसून करायच्या कामात कसली आलीय कंबर? आळशी आहे माणूस. आई बाहेर त्यांच्याशी भांडायची आणि घरात येऊन पप्पांशी.

पप्पांच्या कंबरेला काहीही झालेलं नव्हतं. त्यांना मूळव्याध होती आणि जोडीला फिशर. फिशर म्हणजे संडासच्या जागी पडलेली चीर. ती भरत येते आणि सकाळी पुन्हा फाटते. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा दिसायचं ते एवढंच, की पप्पा रात्री जेवायचं टाळतात. वस्तीच्या संडासात गेले की लवकर बाहेर येत नाहीत. रांगेतली पोरं दारावर डबे वाजवायची. "काका, आत मीटर डाऊन केलंय का?" विहारात वंदनेला सगळे मांडी घालून बसायचे तेव्हा पप्पा दाराशी चपला राखायला उभे राहायचे. आमच्या वस्तीत त्या चपला कुणी फुकट नेल्या नसत्या.

अशा घरातून मी बी.ए. झाले, मानसशास्त्र घेऊन. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. पेढे वाटून झाले. मग कळलं की मानसशास्त्राला बाजारात कुणी विचारत नाही. तेवढ्यात उपनगरातल्या एका सरकारी रुग्णालयात एका सर्जनना पेशंटशी बोलून माहिती घेणारी मदतनीस हवी आहे असं समजलं. गेले.

सरांच्या खोलीत टेबल होतं, पण खुर्ची नव्हती. ना त्यांना, ना आम्हाला. सर उंच, काटकुळे, आणि कोटाच्या खिशात स्टेथोस्कोपऐवजी पेरू. माझ्याआधी एक एम.एस्सी. झालेली मुलगी होती. सरांनी तिला विचारलं, "मूळव्याधीच्या पेशंटला दुखतं कुठे?"

"प्रायव्हेट पार्टमध्ये, सर."

"कुठल्या?"

"मागच्या."

"म्हणजे पाठ?"

ती लाल झाली. सर माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा."

"ढुंगणात," मी म्हटलं.

बाहेरच्या शिपायाने दार ओढून घेतलं. सर खूश झाले. "पूर्ण वाक्यात बोला."

"माणसाच्या ढुंगणात दुखतं, सर."

"उद्यापासून या."

माझ्या पदवीचा कागद त्यांनी बघितलासुद्धा नाही. मीच पुढे करून दाखवला. एवढी मेहनत करून मिळवलेला कागद कुणी न बघता परत आणायचा म्हणजे काय!

सरांचं वेड समजायला त्यांचं एक भांडण समजलं पाहिजे. ऑपरेशनच्या यादीत मूळव्याध आणि फिशरचा पेशंट कायम शेवटी. हर्निया आला, हा मागे. अपेंडिक्स आलं, हा आणखी मागे. का, तर याने कुणी मरत नाही. सर म्हणायचे, "मरत नाही हे तुम्ही बघितलंत. जगतो का, ते बघायला कुणाला वेळ आहे?" हा आजार माणसाचं जगणं किती खातो, हे मोजून दाखवायचं आणि त्या मापाने यादी लावायची, एवढाच त्यांचा हट्ट होता. बाकी रुग्णालय याला हसायचं. सर म्हणायचे, "कॅन्सर झाला तर घरचे रडतात, हे झालं तर हसतात. म्हणून हा पेशंट जास्त एकटा."

ते कधीच बसत नसत. सगळी ओपीडी उभ्याने. त्यांचं तत्त्व होतं की ज्याला बसता येत नाही त्याच्यासमोर आपण ऐसपैस बसायचं नाही. पण हे तत्त्व त्यांनी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. त्यामुळे अख्ख्या रुग्णालयाने आपापल्या डोक्याने निष्कर्ष काढला होता की सरांनाच आहे, आणि चांगलीच जुनी आहे. पेशंट हळूच विचारायचे, "डॉक्टर, तुमचं कधी झालं ऑपरेशन?" सर छताकडे बघत एक लांब सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, "काय सांगू!" बस, एवढंच. समोरचा माणूस मोकळा व्हायचा आणि बायकोलाही न सांगितलेलं सगळं धडाधडा सांगून टाकायचा.

पुढे सर निवृत्त झाले तेव्हा स्टाफने त्यांना आरामखुर्ची भेट दिली. कुणीतरी कळवळून तिला मधोमध भोक पाडून आणलं होतं. सरांनी त्या भोकातून खालची फरशी बघितली आणि म्हणाले, "छान. हवेशीर आहे."

सकाळी लिफ्टमध्ये कोणीही भेटो, नर्स, शिपाई, थेट अधीक्षक साहेब, सर विचारायचे, "काय, आज झालं का?" नव्या माणसाला वाटायचं, काम झालं का. जुने लोक खाली मान घालून हो म्हणायचे. नाही म्हणणाऱ्याच्या हातात पेरू. स्टाफच्या लग्नात पंगत बसली की सर वाढप्यासारखे पंगतीतून फिरायचे, पण ताटं बघत नसत. कोण मांडी मोडून बसलंय, कोण एका कुल्ल्यावर रेललंय, हे बघायचे. एकदा नवऱ्यामुलाच्या काकांच्या कानात काहीतरी म्हणाले आणि काका जिलबी टाकून उठले. पुढच्या गुरुवारी काका ओपीडीत हजर.

मोजायचं कसं, यात आमची आधी पार वाट लागली. प्रश्नावली कुणीतरी इंग्रजीवरून करून दिलेली होती. त्यात होतं, "आपल्या वेदनेस शून्य ते दहा यांपैकी किती गुण द्याल?" मी पहिल्या दिवसापासून शिस्तीत विचारत गेले. उत्तरं अशी छान येत होती की मला वाटलं, सर उगाच काळजी करतात. मग एका गुरुवारी एक शिंपीमामा आले. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभे, कपाळावर घाम. मी विचारलं, दहापैकी किती?

"दोन लिही."

"मामा, दोनच? घाम फुटलाय तुम्हाला."

"अगं म्हणूनच तर. वाईट आहे ना, मग जास्त मार्क कसे देऊ? नापासच केला त्याला."

मी आधीचे सगळे फॉर्म काढून पुन्हा बघितले. लोकांनी वेदना मोजलीच नव्हती, पेपर तपासला होता. ज्याचं जास्त दुखतंय त्याने एक-दोन देऊन दुखण्याला नापास केलेलं. ज्याला बरंय त्याने सात-आठ. एका मावशींनी दहा दिले होते. का, तर डॉक्टर स्वभावाने फार चांगले. एकाने साडेतीन दिले आणि म्हणाला, "पासापुरते राहू दे, ताई." एका बाईच्या वतीने नवऱ्यानेच मार्क दिले होते, आणि ती शेजारी उभी राहून पदराचं टोक चावत होती.

मला रडू यायचं बाकी होतं. सरांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त त्रास, तोच आपल्या कागदावर सगळ्यात सुखी. वा!" ते सगळे फॉर्म त्यांनी रद्दीत दिले. म्हणाले, "या देशात शून्य ते दहा म्हटलं की माणूस परीक्षेलाच बसतो. आता आकडाच नको."

पुढच्या आठवड्यात ओपीडीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एक टेम्पो रिकामा झाला. सर स्वतः कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जाऊन आले होते. लाकडी पाट, शिवणमशीनचं स्टूल, प्लास्टिकची खुर्ची, बाइकची मागची सीट, रिक्षाची ड्रायव्हर सीट, आणि शेवटी फुगवलेली टायरची ट्यूब. सगळं भिंतीला ओळीने मांडलं. पेशंटला काही विचारायचं नाही. फक्त "बसा" म्हणायचं आणि तो कुठे बसतो ते बघायचं. पाटावर उकिडवा बसला तर बरा. स्टूलवर बसला तर मधला. ट्यूब शोधत गेला तर वाईट. आणि सगळ्या सीटांपुढून जाऊन उभाच राहिला, तर त्याला आधी आत घ्यायचं. मग मी बाकीचं विचारायचे. पंगतीला जाता का? कुणाच्या गाडीवर मागे बसता का? संडासबाहेर रांग असली तर काय करता? सकाळी जावं लागू नये म्हणून रात्री उपाशी राहता का?

अधीक्षक साहेब भंगार बघून तापले. "हे रुग्णालय आहे की गॅरेज?"

"बसा ना, साहेब," सर म्हणाले.

साहेब बसले नाहीत. विषय तिथेच थांबला.

शेवटचा तो उपाशी राहण्याचा प्रश्न मी रोज विचारायचे, आणि लोक हो म्हणाले की मला आमचं घर दिसायचं. त्यात पप्पांनी एक नवीनच सुरू केलं होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी घरी हसत सांगितलं होतं की आमच्या सरांनाच मूळव्याध आहे, बिचारे बसतच नाहीत. तेव्हापासून पप्पा रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करूनच विचारायचे, "तुझे सर कसे हायेत?"

"बरे आहेत."

"तिखट चालतं का त्यांना?"

"मला काय माहीत?"

"इचारून बघ की. माणसाची चौकशी करावी. गरम पाण्यात बसत्यात का?"

आई म्हणायची, "पोरीच्या साहेबाचा एवढा पुळका? आमची कधी केली का चौकशी?" एकदा तर पप्पांनी सरांसाठी कुठल्याशा झाडाचा पाला आणून दिला. वर म्हणाले, "लावून कसं वाटलं ते सांगायला सांग." पाला निम्माच होता. उरलेला कुठे गेला, ते मी विचारलं नाही. मी दिवसभर परक्या पुरुषांना ढुंगणाबद्दल विचारणारी मुलगी, पण स्वतःच्या बापाला तोच प्रश्न विचारायचं मी टाळत होते.

शेवटी पप्पांचं हे सगळं सरांना सांगितलं. सर पेरू खात होते. "रिक्षा चालवतात ना? मग बोलवा त्यांना. अंधेरीला मीटिंगला जायचंच आहे."

मीटिंग महत्त्वाची होती. उपनगरातल्या बाकीच्या रुग्णालयांचे सर्जन येणार होते आणि आमची सीटांची पद्धत त्यांना पटवायची होती. पप्पा वेळेआधीच गेटवर हजर. गाडी धुतलेली. आणि मागच्या सीटवर आमच्या घरची गोधडी घडी करून घातलेली, मधे मुद्दाम खळगा केलेला. पप्पा सरांना अदबीने म्हणाले, "बसा साहेब. मधी खोलगट केलंय. भार कडंला येतोय."

सरांनी गोधडी उचलून माझ्या मांडीवर दिली, धपकन बसले, पायावर पाय टाकला आणि खिशातून पेरू काढला. रिक्षात उभं राहता येत नाही, हे त्यांचं तत्त्वसुद्धा मान्य करत असावं.

असल्फा गेलं, साकीनाका आलं. रस्ता नेहमीसारखाच, म्हणजे खड्ड्यांना जोडणारा. प्रत्येक स्पीडब्रेकरआधी पप्पा हँडल धरून सीटवरून अर्धे उठायचे. मागे सर दोन्ही बाजूंनी टेकून पेरूच्या बिया चघळत होते. आरशात पप्पांचे डोळे दिसत होते. आधी त्यात काळजी होती. मग नवल. मरोळच्या अलीकडे त्यात सरळ राग दिसायला लागला. एक मोठा खड्डा आला, गाडी आपटली, मी कळवळले, आणि सर आनंदाने म्हणाले, "मस्त सस्पेन्शन आहे हो तुमचं!"

पप्पांनी मेट्रोच्या खांबाशी करकचून ब्रेक मारला. "उतरा."

"काय झालं?"

"तुमाला काय बी झालेलं न्हाई."

"मला कुठे काय झालंय?"

"त्येच म्हणतोय म्या! माझी पोरगी सांगती, सरांना लई तरास हाय, सर बसतच न्हाईत. मी रोज चौकशी करतोय. पाला धाडला तुमाला! आन तुमी हितं पायावर पाय टाकून पेरू खाताय?"

"पप्पा," मी म्हटलं.

"तू थांब. साहेब, फसवलंत तुमी. ज्याला असतंय त्यो असा बसत न्हाई."

सरांनी पेरू खाली घेतला. "मग कसा बसतो?"

"सरका तिकडं." पप्पा पुढून उतरून मागे आले, सरांना माझ्या अंगावर ढकललं आणि कडेला बसून दाखवायला लागले. "असा. एक अंग टेकवायचं, दुसरं वर. हात दांडीला. खड्डा दिसला की दम धरायचा. सिग्नल लागला की अंग बदलायचं. पाशिंजर बोलला तरी बोलायचं न्हाई, दम सुटतोय. दुपारपर्यंत पायाला मुंग्या येत्यात, मंग गाडी लावायची. आन घरी गेल्यावर..."

थांबले.

"घरी गेल्यावर?" सरांनी अगदी हळू विचारलं.

"घरी गेल्यावर कंबर म्हणायचं."

मागून एक टॅक्सीवाला ओरडत होता, "ओ काका, बाजूला घे ना यार, काय मीटिंग लावलीय?"  पप्पा तसेच एका अंगावर बसलेले, दांडी धरून, आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी गोधडीची घडी पुन्हा घातली, मधे खळगा केला आणि त्यांच्या बाजूला सरकवली. त्यांनी ती अंगाखाली घेतली.

मग सर म्हणाले, "गुरुवारी सकाळी या. आदल्या रात्री पोटभर जेवून. आणि आता पुढे जा. मला रिक्षा चालवता येत नाही."

पुढे कधीतरी सर म्हणाले की ते मुद्दामच तसे बसले होते, सगळं ठरवून. मला ते कधीच पटलं नाही. त्यांना बसायला मिळालं की ते तसेच बसायचे, फक्त बसायला मिळत नसे.

अंधेरीच्या मीटिंगला आम्ही उशिरा पोचलो. सर्जन लोक आधी भरपूर हसले. सरांनी मला पुढे केलं. मी मार्कांचा घोटाळा सांगितला, सीटा सांगितल्या, आणि उपाशी राहण्याचा प्रश्न सांगितला. त्या प्रश्नाला ते हसायचे थांबले. निदान आमच्या रुग्णालयापुरतं ठरलं की ज्याला बसताच येत नाही तो यादीत वर येईल, मग तो कधीही आलेला असो.

गुरुवारी पप्पा आले. पाट, स्टूल, खुर्ची, रिक्षाची सीट, ट्यूब, सगळ्यांवर नजर टाकत चालत गेले आणि शेवटी उभे राहिले. रिक्षाच्या सीटकडे तर त्यांनी असं बघितलं, की जुनी दुश्मनी असावी. म्हणजे त्यांचा नंबर वर लागला तो नियमाने लागला, मुलगी तिथे कामाला आहे म्हणून नाही. हे मी आमच्या वस्तीत ज्याला त्याला ठणकावून सांगितलंय.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारायचे असतात. मी सरांना म्हटलं, यांना दुसरं कुणीतरी विचारू दे. सर म्हणाले, "का? तुम्ही पूर्ण वाक्यात बोलता म्हणून तर घेतलं तुम्हाला."

पप्पा समोर. मी कागद धरला. "गेल्या आठवड्यात आपणांस..."

"आपणांस काय म्हनतीस बापाला?"

"फॉर्मवर तसंच आहे."

"फॉर्म गेला खड्ड्यात. नीट इचार."

मी कागद खाली ठेवला. "पप्पा, ढुंगणात दुखतं का आता?"

बाहेर रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पप्पांनी मान वळवून त्या माणसाकडे बघितलं. तो उभाच होता. पप्पा त्याला म्हणाले, "हसू नको, भावा. तुझा बी नंबर लागंल." मग मला म्हणाले, "न्हाई. लिही, न्हाई दुखत."

मी लिहिलं.

पप्पा आता पूर्ण शिफ्ट मारतात. आईने वाढवलेली घरं सोडली. मी एम.ए. केलं, आणि त्या ओपीडीत हे प्रश्न विचारण्याची माझी नोकरी आता कायमची झाली आहे.